कावळ्याला दिलेला शब्द

सकाळी दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला आणि दुपारी तिथल्याच प्रयोगशाळेतल्या बाईंचा दुसरा आला, "अण्णा, तुमचं रक्त कधी देताय?" त्या बाईंना बातमी कळली नव्हती. कॅन्सर लवकर ओळखता यावा म्हणून त्या रक्तातल्या पिवळ्या पाण्यातली प्रथिनं तपासतात. आजारी माणसाच्या रक्ताशी ताडून बघायला त्याच घरातल्या धडधाकट माणसाचं रक्त लागतं. बायकोनं स्वतःचं दिलं होतं आणि माझंही कबूल करून बसली होती. मला सुई बघूनच घाम फुटतो. तिसऱ्या दिवशी उचगावच्या स्मशानात निवद ठेवला, तर एकही कावळा शिवेना. मेव्हणी म्हणाली, "आक्का, तुझी म्हस मी सांभाळतो गं." कावळे झाडावरच. मुलगा म्हणाला, "आई, तंबाखू सोडतो." कावळ्यांचा विश्वास बसला नाही. शेवटी मेव्हणा ओरडला, "दाजी, रक्त देतो म्हणा की! आक्का त्यालाच अडून बसलीया." मी हात जोडले, "देतो गं बाई!" लगेच कावळा भातावर उतरला. रडता रडता सगळे हसले. सुतक फिटल्यावर मी बेळगावला त्या प्रयोगशाळेत गेलो. बाईंनी दंडाला पट्टा बांधला, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा त्या मला सरबत पाजत होत्या. "किती घेतलं?" मी विचारलं. "अण्णा, सुई अजून पाकिटातच हाय." त्यानंतरही दोनदा जाऊन आलो. बायकोच्या रक्ताची नळी तिथं फ्रीजरमध्ये आहे. माझी अजून भरायची आहे.