मापाचा चमचा

सोनईतल्या शेवटच्या घरी मरिया पावडरचे डबे परत न्यायला आली होती. बाळांना गाईच्या दुधाची ॲलर्जी होऊ नये म्हणून दुधातली प्रथिनं बारीक फोडून तिने ही पावडर सहा वर्षं खपून बनवली होती. तरी चाचणीत निम्म्या बाळांच्या अंगावर पुरळ उठलं आणि कंपनीने काम गुंडाळलं. बनुबाईच्या मांडीवर नातू लालभडक गाल चोळत होता. “एक दिवस बी खाडा केला न्हाई, म्याडम,” बनुबाई अभिमानाने म्हणाली. “पन लई कडू हुती. लेकराच्या तोंडात घालायच्या आधी आमी चाखून बघतो ना. मग पान्याऐवजी घरच्या गाईच्या दुधात कालवली. समद्या आळीनं तसंच केलं.” मरियाने डब्यातला मापाचा चमचा उचलला. याच चमच्याने तिने आयाबायांना माप शिकवलं होतं. तळाची चिमूटभर पावडर तिने जिभेवर ठेवली. सहा वर्षांत पहिल्यांदाच.