गव्हापुढं उठाबशा

"काकू, तुमचा गहू दोन पाण्यांवर पिकला, तर त्याच्यापुढं कान धरून उठाबशा काढीन! एकरी जेवढी पोती, तेवढ्या!" गुणवंताने पारावर पैज लावली.

"ठरलं," शेजारच्या शेवंताकाकू हसल्या.

दोघांची विहीर एकच. काकूंचा गहू नेहमीसारखा पाच पाणी प्यायला, तर चैत्रात गुणवंताचीच लिंबं वाळणार होती. पण पैज ती पैज.

काकूंचा गहू बोलका होता. मुळांना तहान लागली की बांधावरच्या भोंग्यातून तो पाणी मागायचा. पेरल्यावर एकदा प्यायला, मग महिनाभर गप्प.

पैज हरायच्या भीतीने गुणवंताला राहवेना. काकू बाजारला गेल्या, तसं त्याने गुपचूप पाणी सोडलं. "पी रे लेकरा!"

"गुणवंता, बंद कर! मला तहान नाही!" भोंगा ओरडला. अख्ख्या गावाने ऐकलं, आणि गुणवंताला पाणी लगेच बंद करावं लागलं.

दाणा भरताना गव्हाने दुसरं पाणी मागितलं, तेवढंच. एकरी चौदा पोती झाली.

काकूंनी पैजेसाठी मुद्दाम उशिरा पेरलेली एक ओळ अजून हिरवी होती. तिच्यापुढं गुणवंताने कान धरले. गाव मोजत होतं. चौदावीला तो मटकन बसला.

"दमलास?" भोंगा म्हणाला. "विहीर अर्धी भरलेली आहे. आधी तू पी, मग लिंबांना पाज."