आबांचा सोमवार

रेल्वेतून रिटायर झालेल्या आबांनी जन्मात कधी देवापुढे हात जोडले नाहीत. बुढापारा मोहल्ल्यातल्या साऱ्या बायांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. म्हणून सोमवारी सकाळी चहा पिता पिता आबा बोलले, "आज राती मी जेवणार नाही," तेव्हा त्यांच्या सुनेला, विजयाला, महादेव पावल्यासारखंच झालं. तिनं लगेच साबुदाणा भिजवला.

आदल्या दिवशी नात श्रावणी त्यांना कॉलेजातला आलेख दाखवत होती. भारत आणि इजिप्त बाहेरून किती गहू आणतात, त्याच्या दोन रेघा. इजिप्तची चढतच गेलेली. भारताची साठ-पासष्ट सालच्या डोंगरावरून उतरून पार जमिनीला टेकलेली, पण शेवटी पुन्हा उचललेली.

"हे काहून वर चाललं?" आबांनी बोट ठेवलं.

"इस साल फिर गेहूँ के जहाज आ रहे हैं ना, आबा."

विजया तेव्हा पोळ्या लाटत होती. तिनं कान दिला नाही.

सोमवारी दिवेलागणीला तिनं साबुदाण्याची उसळ आबांपुढे ठेवली. "महादेवाले बेल तुम्हीच वाहा आज, आबा."

आबांनी ताटली सरकवली. "महादेव कुठून आणला मधातच? पासष्ट साली पंतप्रधान म्हणाले, परक्याच्या गव्हासाठी हात पसरण्यापरीस सोमवारी राती उपाशी राहा. राहिलो!"



आबा पाटावरून उठले. "आता पुन्हा गव्हाचं जहाज येऊन राहिलं, तं त्यातून माह्या दोन पोळ्या कमी करा म्हणा!"