डब्यातलं मशीन

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात बारीक शिट्टी वाजायला लागली. कुकर बंद होता, मोबाइल गप्प होता. शेवटी चिवड्याचा रिकामा डबा उघडला, तर आत माझ्या सासऱ्यांचं कानाचं मशीन एकटंच किंचाळत होतं.

बाहेर आप्पा आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसले होते. लॉकडाऊनमध्ये सोसायटीचा कट्टा बंद झाल्यापासून ते दिवसभर असेच बसत, जेवणही निम्मं टाकत. मला वाटायचं, वय झालं. दोन वेळा गरम वाढतेय, आणखी काय करायचं?

"आप्पा! मशीन डब्यात कशाला?" मी ओरडले.

"हळू. शेजाऱ्यांना वाटेल, सून छळते." माझे ओठ त्यांना पाठ होते. "कट्ट्यावर म्हातारे भांडायचे, शिव्या द्यायचे, त्यासाठी लागायचं ते. घरात काय ऐकू? मिक्सर?"

"आम्ही बोलतो ना!"

"बरं." त्यांनी माझ्या हातातलं मशीन घेऊन कानात बसवलं, टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे तोंड करून मांडी घातली. "हं, बोला सूनबाई."

गोष्ट ऐकायला बसावं तशी माझी पाच वर्षांची लेकही त्यांना टेकून बसली. मी ओढणीला हात पुसले, घसा खाकरला.

"चहा... घेणार?"

आप्पा इतके हसले, की कानातलं मशीन पुन्हा शिट्टी मारायला लागलं. किती दिवसांनी हसले! मीही हसले.

लेक तेवढी हसली नाही. "आई, तुला आजोबांशी दुसरं काहीच बोलता येत नाही का गं?"