विहीणबाई

"लग्नाचं बोलायचंय, बाबा! म्हणून तर आज इथं आणलं," परेश ओरडून म्हणाला. पुढचं वाक्य हॉटेलातल्या ढोलकीवाल्यानं खाऊन टाकलं.

विजयकुमारांनी कानाला हात लावला. "कुणाच्या?"

समोर बसलेल्या अस्मितानं परेशकडे बघून डोळे वटारले. "आधी जेवण होऊ दे ना, काका."

आता यात न कळण्यासारखं काय होतं? आठ दिवस या दोघांची फोनवर कुजबुज चालली होती. बाबा खोलीत आले की फोन खलास! सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या माणसाला एवढं समीकरण सुटत होतं. आणि ते सुटताच त्यांची भूकच मेली.

कारण अस्मिताच्या शेजारी तिची आई बसली होती. सुचित्राबाई. परेशच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली राहणाऱ्या.

विजयकुमार व्हिजिट व्हिसावर आखातात, रास अल खैमाला परेशकडे आले, त्याला अडीच महिने झाले होते. परेश टाइल्सच्या फॅक्टरीत गेला की त्यांना दिवस खायला उठायचा. मग सकाळी समुद्राकाठी सुचित्राबाई भेटायला लागल्या. त्याही एकट्याच, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. आधी हवापाण्याच्या गप्पा, मग डब्यातून शेंगदाण्याची चटणी, मग... मग काय, साठी उलटलेला गृहस्थ पहाटे पाचला उठून गुळगुळीत दाढी करायला लागला! बायको गेल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणाची तरी वाट बघावीशी वाटत होती. शुक्रवारी परतीचं विमान होतं. त्याआधी एकदा विचारून टाकायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. घरापासून समुद्रापर्यंत धीर टिकायचा. तिथं पोचल्यावर ततपप.

आणि आता ही पोरं लग्न करणार. म्हणजे सुचित्राबाई त्यांच्या विहीणबाई होणार! विहिणीला लग्नाचं विचारणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय.

"वेलकम, हबीबी!" उमर नावाच्या तुर्की वेटरनं कबाबचं ताट ठेवलं आणि वाकून अस्मिताला काहीतरी विचारलं. त्या गदारोळात विजयकुमारांना एकच शब्द कळला.

"दामात?"

अस्मितानं हनुवटीनं समोरच्या दोघा बापलेकांकडे खूण केली.

दामाद! म्हणजे तुर्कीतही जावयाला तेच म्हणतात तर. घ्या, वेटरला ठाऊक आणि बापाला पत्ता नाही!

सुचित्राबाई आज मान वर करत नव्हत्या. एरवी "सर, सर" करत जगभरच्या गप्पा मारणारी बाई मोरपंखी साडी नेसून रुमालाशी चाळा करत बसली होती. विहीणपण आत्ताच अंगात शिरलं की काय?

"हॉटेल छान शोधलंत," काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलले.

"आईनं शोधलं," अस्मिता म्हणाली. "तुर्की सिरियल बघून बघून तिला तिथल्या सगळ्या रीती पाठ झाल्यात."

"गप गं," सुचित्राबाई म्हणाल्या आणि उठून थेट किचनच्या दिशेनं गेल्या.

विजयकुमारांनी परेशकडे पाहिलं. पोरगा आखातातच आधी रुवैस नावाच्या गावी तीन वर्षं एकटा राहिला, मग इथं. घरी बोलवायला कुणी नाही, सणाला कुणी नाही. आज मात्र गाण्यावर बोटांनी टेबल वाजवत होता. त्याच्या सुखात आपण बिब्बा घालायचा? छे!

सुचित्राबाई आल्या त्या स्वतःच ट्रे घेऊन. मागे दात काढत उमर. कॉफीचे चार इवलेसे कप. पहिला त्यांनी विजयकुमारांपुढे ठेवला.

विजयकुमारांनी घोट घेतला आणि त्यांचे कानच गरम झाले. मीठ! तेही चिमूटभर नव्हे, मूठभर!

वाजवणं थांबलं होतं. उमर, ढोलकीवाला, पोरं, सगळे त्यांच्याकडेच टक लावून बघत होते. सुचित्राबाईंनी तर श्वास रोखून धरला होता. बिचारीनं घाईघाईत साखरेऐवजी मीठ घातलं वाटतं. आता तोंड वाकडं केलं तर चारचौघांत बाईची फजिती. आणि खरं सांगायचं तर त्यांना मघापासून रडू येत होतं. मिठानं डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त तरी मिळालं. त्यांनी तळाच्या गाळासकट कप रिकामा केला.

"फार छान झालीय," ते म्हणाले.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ढोलकी पुन्हा सुटली. सुचित्राबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या की रडत होत्या, काही कळेना.

विजयकुमारांनी काळजावर दगड ठेवला आणि परेशला जवळ ओढलं.

"माझी पूर्ण संमती आहे, राजा. अस्मिता गुणाची पोर आहे. सुखी राहा. फक्त ती कॉफी पिऊ नकोस, मीठ पडलंय त्यात."

परेश त्यांच्याकडे बघतच राहिला. "माझी गोड आहे, बाबा. तुर्की रीतच आहे, मीठ फक्त नवरदेवाच्या कॉफीत घालतात."