वीस मिनिटांची कॉफी

घरच्या कॉफी मशीनमधून दोन कप कॉफी गळायला वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ आजी नाइलाजाने नवऱ्यासमोर, घड्याळजींसमोर, बसायच्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "जगाची घड्याळं दुरुस्त करता, आणि घरचं हे रडकं मशीन तेवढं जमत नाही! मला कामं पडलीत इथं!" घड्याळजी हसून म्हणायचे, "उद्या बघतो गं." कप रिकामा झाला की आजी ज्या उठायच्या, त्या दिवसभर पुन्हा टेकायच्या नाहीत.

चाळीस वर्षांत तो उद्या काही उजाडला नाही. घड्याळजी गेल्यावर महिन्याभराने आजींनी कारागिराला बोलावलं. त्याने मशीन खोललं, नळी झटकली आणि घड्याळातलं एक इवलंसं पितळी चाक आजींच्या तळहातावर ठेवलं.

"मशीन धडधाकट आहे, आजी. हे कुणीतरी मुद्दाम, अगदी मापात बसवलं होतं. आता बघा, दोन मिनिटांत कॉफी!"

आजी कितीतरी वेळ समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या.



मग त्यांनी ते चाक पदराने पुसून त्याच्या हातात दिलं. "होतं तिथंच परत बसव, बाबा. मला कसली घाई नाही."