हिरवा भाग

"हा लाल भाग गेला, काका. भोवतीचा हिरवा अजून जिवंत आहे. आत्ता लगेच रक्ताची गुठळी काढली तर तो वाचेल. काकूंचं बोलणं त्यातच आहे." डॉक्टरीणबाईंनी नलिनीबाईंच्या मेंदूचं चित्र स्क्रीनवर दाखवलं. "काढायची ना?"

दिगंबरपंतांना पटलं होतं. पण एकाच डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यांनी आजवर साधा दातही उपटून घेतला नव्हता. "पुतण्याला विचारतो. अमेरिकेत डॉक्टर आहे." त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. तिकडे पुतण्या झोपलेला. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या.

"काका, हिरवा भाग कमी होतोय."

"म्हणूनच नीट विचार करून ठरवू," पंत म्हणाले.

अखेर फोन वाजला. "काका, मी गुडघ्यांचा डॉक्टर आहे! तिथले काय म्हणाले?"

"गुठळी काढू म्हणाले."

"कधी?"

"मघाशी," पंत पुटपुटले.

शेजारी स्ट्रेचरवर नलिनीबाई ऐकत होत्या. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यांनी डावा हात उचलून डॉक्टरीणबाईंची बाही घट्ट धरली आणि होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तिला कळतंय?"

"पहिल्यापासून. त्यांना सोडून मी तुम्हालाच विचारत बसले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि स्ट्रेचर ढकलू लागल्या.

फोनमधून पुतण्या अजून "हॅलो, हॅलो" करत होता. पंत स्ट्रेचरच्या मागून, बायकोला दिसणार नाही अशा बेताने चालू लागले.